नको असलेल्या वस्तूंतून निधी: आधी घेणारा शोधा, मग डबा ठेवा

प्रश्न थोडक्यात असा: एका छोट्या गटाला एका सेवाभावी संस्थेसाठी निधी उभा करायचा आहे. लोकांकडे थेट पैसे मागायचा संकोच वाटतो. म्हणून घरोघरी पडून असलेल्या वस्तू गोळा करायच्या, पुनर्वापराला द्यायच्या आणि आलेली रक्कम संस्थेला द्यायची, असा बेत आहे. काय गोळा करावं, त्यातून किती सुटतं आणि कामाला हात कुठून घालावा?

अशा मोहिमा उभ्या करून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, त्यामुळे मुद्द्याचं आधी सांगते. घेणारा ठरल्याशिवाय एकही वस्तू गोळा करू नका. बहुतेक गट डबा रंगवतात, फलक लावतात, निरोप फिरवतात आणि माल साचला की तो कोण घेईल याचा शोध सुरू करतात. तोवर कुणाच्या तरी गाळ्यात छतापर्यंत पिशव्या लागलेल्या असतात, गाळेवाला कुरकुरायला लागलेला असतो आणि जो पहिला व्यापारी भेटेल तो म्हणेल त्या दराने सगळं उचलून द्यावं लागतं. अडलेल्याचा माल स्वस्तातच जातो.

घेणाऱ्याला चार-पाच गोष्टी स्पष्ट विचारा. माल कोणत्या रूपात हवा: सुटा, दाबलेला, गठ्ठे बांधलेला? कमीत कमी किती वजनाला तुम्ही गाडी पाठवता? गाडीभाडं कुणाचं? दर आजचा धरायचा की उचलण्याच्या दिवशीचा? नाकारलेला माल तुम्ही टाकून देणार की आमच्या दारात परत आणणार? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि नंतर सगळ्यात जास्त मनस्ताप त्यानेच होतो. वजन कुणाच्या काट्यावर करायचं तेही तेव्हाच ठरवून घ्या.

आता कोणती वस्तू निवडायची ते. मी माल दोन भागांत पाहते: वजनावर जाणारा आणि नगावर जाणारा. रद्दी, पुठ्ठा, काच, डबे, प्लास्टिक, फाटके कपडे हे वजनावर जातात. मोबाईल, दागिने, छपाईयंत्रांची शाईची काडतुसं, चांगली पुस्तकं, चालू स्थितीतली उपकरणं ही नगावर. वजनावरच्या मालात पैसा तेव्हाच दिसतो जेव्हा ढीग मोठा असतो, जागा फुकट असते आणि गाडी दुसऱ्याची असते. यातली एक गोष्ट कमी पडली की हिशेब तोट्यात जातो. काच हे त्याचं ठळक उदाहरण. ती जड, फुटणारी, रंगानुसार वेगळी करावी लागणारी आणि भावाने तळाशी. जिथे बाटलीवर अनामत रक्कम परत मिळते तिथली गोष्ट निराळी. जर्मनीत 2003 पासून एकदा वापरायच्या पेयाच्या बाटल्या-डब्यांवर 25 सेंट अनामत आहे. एवढी रक्कम प्रत्येक नगामागे मिळत असेल तर बाटली वजनाच्या मालातून उठून नगाच्या मालात जाऊन बसते. तुमच्याकडे अशी योजना असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून तिच्यापासूनच सुरुवात करा. मात्र तिथे डबे चेपू नका. परतीच्या यंत्राला डब्यावरच्या पट्ट्यांचा संकेत वाचता यावा लागतो.

अनामत नसेल तर पेयांचे अॅल्युमिनियमचे डबे हा वजनाच्या मालातला त्यातल्या त्यात बरा पर्याय. खनिजापासून नवं अॅल्युमिनियम काढायला जी ऊर्जा लागते तिच्यातली सुमारे 95 टक्के ऊर्जा जुनं वितळवल्याने वाचते, म्हणून त्याला मागणी कधी मरत नाही. रिकामा डबा 13 ते 15 ग्रॅमचा, म्हणजे किलोला साधारण 70 डबे. न चेपलेले 70 डबे एक मोठी पिशवी भरून टाकतात. चेपले की तेच एका कोपऱ्यात मावतात. लोहचुंबक जवळ ठेवा. चिकटला तो पोलादी पत्र्याचा, त्याचा भाव वेगळा आणि बराच खाली. खाण्याच्या चंदेरी वेष्टनांबाबतही एक सोपी परीक्षा आहे: मुठीत चुरगळा. चुरगळलेलंच राहिलं तर अॅल्युमिनियम, पुन्हा उलगडलं तर ते धातूचा मुलामा दिलेलं प्लास्टिक आणि तुमच्या घेणाऱ्याच्या काहीच कामाचं नाही.

डब्यांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास झाकणाच्या कड्यांबद्दल विचारतं. डबा उघडताना ओढायची ती छोटी कडी. इतक्या हजार कड्या जमवल्या की एका रुग्णाला डायलिसिस मोफत मिळतं, चाकाची खुर्ची मिळते, अशा गोष्टी अनेक देशांत पिढ्यान्‌पिढ्या फिरत आहेत. डायलिसिसची गोष्ट निव्वळ अफवा आहे. कडीच्या बदल्यात उपचार देणारी योजना कुठलंही रुग्णालय चालवत नाही. कडीतलं अॅल्युमिनियम ‘जास्त शुद्ध’ असतं हाही समज चुकीचाच. झाकण, कडी आणि डब्याचं अंग ही सगळी मिश्रधातूंचीच बनवलेली असतात. किलोभर वजनाला सुमारे 3 हजार कड्या लागतात. तेवढ्याच किलोला डबे लागतात 70. मग कडी तोडून डबा टाकून देणाऱ्याने नेमकं काय साधलं?

तरीही मी कड्यांच्या मोहिमेला सरसकट हसत नाही. रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस ही आजारी मुलांच्या पालकांना रुग्णालयाजवळ राहायची सोय करून देणारी संस्था खरोखर कड्या घेते आणि वितळवणाऱ्यांना विकते. कारण साधं आहे. कड्या स्वच्छ असतात, वास मारत नाहीत, मुंग्या येत नाहीत, आणि शाळेतलं पोरगं वर्षभर एका बरणीत त्या साठवू शकतं. पैसा थोडा, पण मुलांचा सहभाग मोठा. तुमच्या मोहिमेचा उद्देश सहभाग असेल तर कड्या चालतील. उद्देश रक्कम असेल तर अख्खे डबे घ्या.

बाटल्यांच्या झाकणांचंही बरंचसं असंच आहे. झाकण पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं, वजनाला दोनेक ग्रॅम, म्हणजे किलोला जवळपास 500 नग. तुर्कस्तान, स्पेन, इटली इथे झाकणांच्या बदल्यात चाकाच्या खुर्च्या किंवा मुलांच्या उपचारांचा खर्च अशा मोठ्या मोहिमा चालल्या, आणि त्या खऱ्या होत्या. पण त्या चालल्या त्या टनांच्या हिशेबावर, आणि वाहतूक बहुतेक वेळा कुणीतरी फुकट करत होतं म्हणून. एकट्या शाळेने किंवा एकट्या सोसायटीने झाकणं जमवून खुर्ची येत नाही. तुमची पिशवी एखाद्या मोठ्या साखळीत जाऊन मिळत असेल तरच तिला अर्थ आहे. शिवाय युरोपीय संघात जुलै 2024 पासून तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांचं झाकण बाटलीला जोडलेलंच ठेवणं बंधनकारक झालं. झाकण रस्त्यावर पडू नये हा नियमाचा हेतू, पण सुटी झाकणं जमवणाऱ्यांच्या मालाचा झराच त्याने आटवला. एखादा नियम बदलल्यावर आपली वस्तू हाताशी राहील का, हेही निवडताना पाहावं.

माझी स्वतःची पसंती विचाराल तर छोट्या गटासाठी दोनच वस्तू: जुने मोबाईल आणि मोडके दागिने. दोन्ही कमी जागेत मावतात, जवळपास प्रत्येक घरात पडून असतात आणि मालकाला त्यांची अडचण होत नसल्यामुळेच कधी टाकल्या जात नाहीत. लोकांना फक्त कुणीतरी विचारायला हवं असतं.

मोबाईलबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे अपेक्षा भलत्याच असतात. ‘फोनमध्ये सोनं असतं’ हे खरं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा जुना आकडा असा की 10 लाख फोनमधून सुमारे 34 किलो सोनं, 350 किलो चांदी आणि 16 टन तांबं निघू शकतं. एका फोनला भागलं तर सोनं येतं 34 मिलिग्रॅम. टोकियो ऑलिम्पिकच्या पदकांसाठी जपानने 2017 ते 2019 या काळात देशभरातून 62 लाखांहून अधिक मोबाईल आणि एकूण जवळपास 79 हजार टन छोटी उपकरणं गोळा केली. त्यातून 32 किलो सोनं हाती आलं. साऱ्या देशाने मिळून केलेलं काम आणि सोनं एका माणसाला उचलता येईल एवढं. म्हणून धातूच्या आशेवर फोन जमवू नका. फोनचा पैसा तो पुन्हा वापरात जाण्यात आहे. चालू स्थितीतला, फार जुना नसलेला एक फोन मेलेल्या फोनांच्या अख्ख्या खोक्यापेक्षा जास्त देऊन जातो. मेलेल्या फोनलाही पडद्याचा, कॅमेऱ्याचा, सुट्या भागांचा काही भाव असतो, धातूचा नंबर सर्वांत शेवटी.

त्यामुळे फोन आल्या आल्या तीन ढीग करा: चालू होणारे, चालू न होणारे पण अखंड, आणि फुटलेले. चार्जर बरोबर मागा, नाहीतर ‘चालू होत नाही’ आणि ‘चार्ज नाही’ यांतला फरक कळणार नाही. मालकाने आपल्या खात्यातून बाहेर पडून फोन मूळ स्थितीत आणून (फॅक्टरी रीसेट करून) द्यायला हवा. नाहीतर तो पुढच्या वापरणाऱ्यासाठी कुलूपबंद राहतो आणि चांगला फोन भंगारात जमा होतो. लोकांना हे ठाऊक नसतं. फोन घेतानाच समोर बसवून करून घ्या, नंतर कुणी फोन उचलत नाही. सिम आणि मेमरी कार्ड काढून मालकाच्या हातात परत द्या. माहितीची काळजी घेता हे दिसलं की लोक विश्वासाने पुढचा फोनही आणून देतात. संगणक घेणार असाल तर हार्ड डिस्कबाबत हीच कडक शिस्त हवी, आणि माहिती पुसल्याचं लेखी प्रमाणपत्र देणारा घेणाराच निवडा.

फुगलेली बॅटरी दिसली तर ती फोनांच्या ढिगात अजिबात ठेवू नका. लिथियम बॅटरी दबली, टोचली किंवा तिची टोकं एकमेकांना लागली तर पेटते, आणि एक पेटली की शेजारच्या पेटतात. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा, फुगलेल्या वाळूच्या डब्यात बाहेर ठेवा आणि लवकरात लवकर अधिकृत केंद्राकडे पोचवा. घरात, जिन्याखाली, शाळेच्या कपाटात साठा करायचा नाही.

आणि फोन, संगणक, तारा काहीही असो, घेणारा परवानाधारक आहे की नाही हे पाहा. जगात 2022 मध्ये 6.2 कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या जेमतेम 22.3 टक्क्यांचा रीतसर हिशेब लागला, असं संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. उरलेला कुठे जातो ते उघड आहे: कुणीतरी उघड्यावर तारा जाळतो, कुणीतरी धातू काढायला आम्लात सर्किटच्या पट्ट्या बुडवतो. रुग्णालयासाठी निधी जमवायचा आणि त्यापायी दुसरीकडे कुणाच्या फुप्फुसात विषारी धूर जायचा, असला व्यवहार आपल्याला नको. भाव थोडा कमी मिळाला तरी चालेल.

दागिन्यांचं गणित सोपं आहे. तुटलेली साखळी, एकटं उरलेलं कानातलं, वाकलेली अंगठी, जुनं घड्याळ. हे लोक फेकत नाहीत आणि एवढ्याशासाठी विकायलाही जात नाहीत. 925 हा छाप चांदीचा, 750 किंवा 375 सोन्याचा. खात्री मात्र कसोटीवर किंवा यंत्रावर सराफाकडूनच करून घ्यावी, तीही दोन ठिकाणी. बहुतेक माल खोटाच निघेल, पण खोट्या दागिन्यांनाही किलोवर घेणारे असतात. एकच नियम कडक पाळा: पाकीट उघडताना दोन माणसं हजर हवीत, वजन करून वहीत नोंद, दोघांच्या सह्या. कुणी चुकून खरी वस्तू दिली असेल तर देणाऱ्याला विचारून ती परत द्यायची तयारी ठेवा. आजीचा डबा नातवाने परस्पर दिला, असं होतं.

बाकी वस्तूंवर चटकन नजर टाकते. शाईची काडतुसं मूळ कंपनीची आणि आधी कधीही न भरलेली असतील तरच त्यांना भाव, बाकी सगळी कचरा. वापरलेली टपाल तिकिटं किलोवर जातात. तिकिटाभोवती सेंटिमीटरभर कागद ठेवून कापा, सोलू नका, परदेशी वेगळी ठेवा. पाकीट फारच जुनं असेल तर कात्री लावूच नका, संग्राहक अख्ख्या पाकिटाला जास्त मोजतात. प्रवासातून उरलेली परदेशी नाणी हा छान माल आहे. युनिसेफने 1987 पासून विमान कंपन्यांच्या मदतीने नेमकं हेच केलं, प्रवाशांच्या खिशातली उरलेली चिल्लर मागितली. पुस्तकं वजनावर घालायच्या आधी एखाद्या जाणकाराच्या नजरेखालून जाऊ द्या.

चष्म्यांबद्दल मात्र माझं मत लोकांना आवडत नाही. जुने चष्मे गोळा करून गरिबांना देण्याचं आकर्षण मोठं आहे. पण 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दान आलेल्या चष्म्यांपैकी केवळ 7 टक्के वापरण्याजोगे निघाले. निवडणं, धुणं, नंबर तपासणं आणि पाठवणं यांचा खर्च धरला तर नवा तयार चष्मा स्वस्त पडतो. एखादी संस्था आधीपासून ही यंत्रणा चालवत असेल तर तिच्या डब्यात जरूर टाका. स्वतःची मोहीम यावर उभारू नका.

कपडे हा सगळ्यात फसवा माल. येतो भरपूर, दिसतो छान, आणि माणसं खातो. निवडायला बसलं की दिवस कसा गेला कळत नाही. कपड्यांच्या व्यापारात मालाच्या प्रती असतात: अगदी वरचा, जो नव्यासारखा विकला जातो, त्याखाली घालण्याजोगा, मग यंत्रं पुसायच्या चिंध्या, आणि शेवटी दळून त्याचा धागा किंवा भरण करायचा माल. सगळी कमाई वरच्या थोड्याशा मालात असते. न निवडलेला माल विकलात तर तुम्हाला सरासरी भाव मिळतो, वरचा निवडून काढून घेतलात तर उरलेल्याचा भाव घसरतो, कारण व्यापाऱ्यालाही हे कळतं. दोन्ही दर आधी विचारा. ओला एक कपडा अख्ख्या पिशवीला बुरशी आणतो, म्हणून पावसाळी दिवसात संकलन ठेवू नका आणि पिशव्या जमिनीला टेकू देऊ नका. बूट जोडीने बांधून घ्या. एकटा बूट कुणी घेत नाही.

कपड्यांच्या पेट्या ठेवणारे खासगी व्यावसायिक तुमच्याकडे येतील आणि म्हणतील, ‘तुम्ही फक्त नाव द्या, बाकी आम्ही पाहतो.’ यात वाईट काही नाही, पण करार नीट वाचा. ‘नफ्यातला वाटा’ असं लिहिलं असेल तर सही करू नका. नफा किती हे तेच ठरवणार. दर किलोमागे अमुक इतके, वजनाच्या पावतीसह, दर महिन्याला, असं लिहून घ्या. आणि पेटीवर किती हिस्सा संस्थेला जातो ते ठळक छापायला लावा. देणाऱ्याला वाटतं सगळंच संस्थेला जातं. नंतर त्याला वेगळं कळलं तर तो तुमच्यावर चिडतो, पेटीवाल्यावर नाही.

कपडे, भांडी, फर्निचर यांतून खरी रक्कम उभी राहते ती वस्तू वस्तू म्हणून विकल्यावर. ऑक्सफॅम या ब्रिटिश सेवाभावी संस्थेचं ऑक्सफर्डमधल्या ब्रॉड स्ट्रीटवरचं दुकान 1948 चं, आणि तेव्हापासून हा संस्थेच्या उत्पन्नाचा एक मोठा आधार आहे. बोस्टनमध्ये एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकाने 1902 मध्ये गुडविल या संस्थेची सुरुवात केली तेव्हा सधन वस्त्यांतून जुने कपडे आणि सामान आणून ते गरजूंकडून दुरुस्त करून घेतलं आणि विकलं, म्हणजे मजुरीही त्यांनाच मिळाली. फ्रान्समधलं एमाऊस तर मला सगळ्यात आवडतं. आबे पिएर या धर्मगुरूंनी 1949 मध्ये बेघरांसाठी ते उभारलं. 1951 मध्ये त्यांची खासदारकी आणि तिच्यासोबत मानधनही संपलं, तेव्हा तिथल्या रहिवाशांनीच चिंध्या-भंगार वेचून घर चालवायला घेतलं. या तिन्ही ठिकाणी पैसा आला तो निवडणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या हातांमुळे. तुमच्या गटात शिवणकाम, सुतारकाम, विजेची उपकरणं दुरुस्त करणं जमणारी दोन माणसं असतील तर वर्षातून दोनदा जुन्या वस्तूंचा बाजार भरवा. तो वजनावरच्या सगळ्या मोहिमांना मागे टाकेल. उरलेला माल त्याच संध्याकाळी उचलायला व्यापारी आधीच सांगून ठेवा, म्हणजे बाजारानंतर गोदाम लागणार नाही.

संकलनाची पद्धत कोणती, कायमचा डबा की ठरावीक दिवस? मी ठरावीक दिवसाच्या बाजूने आहे. कायमच्या डब्यात आठवड्याभरात चहाचे कप, डायपर आणि मोडकी छत्री येऊन पडते, कारण डबा दिसला की कचरा टाकायचा ही माणसाची सवय. डबा ठेवायचाच असेल तर त्याचं तोंड वस्तूएवढंच ठेवा: फोनच्या डब्याला फोन जाईल एवढी फट, डब्यांच्या पेटीला गोल भोक. फलकावर काय चालेल याच्यापेक्षा काय चालणार नाही ते मोठ्या अक्षरांत लिहा. आमच्या ‘नको’च्या यादीत गाद्या, उश्या, हेल्मेट, लहान मुलांच्या गाडीतल्या खुर्च्या, औषधं, रंगाचे डबे, गॅसच्या टाक्या, नळीदिवे, फ्रीज हे कायम असतात. काही धोक्याचे म्हणून, काहींची विल्हेवाट लावायला उलट पैसे मोजावे लागतात म्हणून. ठरावीक दिवशी माणूस समोर उभा असतो, त्यामुळे ‘हे नाही घेत’ असं तिथल्या तिथे सांगता येतं. निवडणाऱ्यांना जाड हातमोजे द्या. पिशवीत हात घालायचा नाही, पिशवी टेबलावर ओतायची. सुया आणि काचा आत असतातच.

दरांवर फार विसंबू नका. 2018 मध्ये चीनने अनेक प्रकारच्या टाकाऊ मालाची आयात बंद केली आणि जो घ्यायचा त्यात 0.5 टक्क्यांपेक्षा जास्त भेसळ चालणार नाही असं ठरवलं. मिश्र रद्दीचा भाव जगात अनेक ठिकाणी कोसळला, काही ठिकाणी तर ती उचलायला उलटे पैसे द्यावे लागले. ज्यांनी संस्थेला ‘इतके देऊच’ असा शब्द दिला होता ते अडचणीत आले. म्हणून रकमेचं वचन देऊ नका, वजनाचं किंवा नगांचं उद्दिष्ट ठेवा. ‘या महिन्यात 200 फोन’ हे लोकांना कळतं आणि ते तुमच्या हातात असतं.

खर्चाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडा: इंधन, पिशव्या, जागा, फलक. आणि माणसांचे तास. तास फुकट असले तरी मोजा. दहा जण दोन शनिवार राबून जी रक्कम आली ती त्यांनी प्रत्येकी थोडेथोडे काढून पाच मिनिटांत जमली असती, असं दिसलं तर वस्तू बदला. पण त्याच वहीत आणखी एक रकाना ठेवा: वस्तू द्यायला आलेल्यांपैकी किती जणांनी वर रोख रक्कमही दिली. टेबलावर संस्थेची माहिती आणि दानपेटी असेल तर हा आकडा कधीकधी भंगाराच्या रकमेलाही मागे टाकतो. ज्याला कुणी पैसे मागितले असते तर त्याने टाळलं असतं, तो जुना फोन देता देता आपणहून पाकीट काढतो. तुमचा थेट मागण्याचा संकोच इथे आपोआप सुटतो.

एक गोष्ट भिडेखातर कुणी बोलत नाही. वजनावर जाणाऱ्या मालावर जगणारी माणसं तुमच्या आधीपासून त्या रस्त्यावर आहेत. रद्दी, डबे, पुठ्ठा तुम्ही सद्भावनेने एका रांगेने उचलायला लागलात तर कुणाचं तरी रोजचं उत्पन्न जातं. म्हणून हा माल घ्यायचा असेल तर त्याच माणसांना सोबत घ्या. वजन करायला, निवडायला, विकायला. त्यांना ज्या व्यापाऱ्यांची नावं माहीत असतात ती तुम्हाला कुठे छापलेली सापडणार नाहीत. फोन, दागिने, नाणी, तिकिटं यांत हा प्रश्न सहसा येत नाही, माझ्या पसंतीमागे हेही एक कारण आहे.

सुरुवात कशी करायची? संस्थेची लेखी परवानगी घ्या; तिचं नाव वापरायचं तर ती हवीच, आणि स्थानिक नियमांनुसार संकलनाला वेगळी परवानगी लागते का तेही तिच्याकडूनच कळेल. एक वस्तू निवडा. दोन घेणाऱ्यांकडून लेखी दर आणा. ओळखीच्या घरांतून थोडा माल घेऊन तो प्रत्यक्ष विका, पैसे हातात येऊ द्या. मगच जाहीर करा, आणि जाहिरातीतच शेवटची तारीख टाका. मोहीम संपली की डबे त्याच दिवशी हलवा, वजनाच्या आणि बँकेत भरलेल्या रकमेच्या पावतीचं छायाचित्र सगळ्या देणाऱ्यांना पाठवा, आणि उशिरा येणाऱ्या पिशव्यांसाठी एका माणसाचं दार ठरवून ठेवा. त्या येतच राहतात.